होळीनंतर खत बंद

गच्चीवर ब्रुगमॅन्सिया फुलला की बघायला आलेला माणूस आधी फुलांखाली उभा राहतो, मान वर करून बघतो आणि मग विचारतो, "खत कोणतं घालता?" नर्सरीवाले विचारतात, सोसायटीतले विचारतात, कंपनीतले तर हमखास विचारतात. या प्रश्नाला मी आता उलट प्रश्नाने उत्तर देतो, "महिना कोणता चालू आहे?" कारण हे झाड बियांपासून वाढवताना मला जे काही कळलं, त्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. खताच्या पिशवीवरचं नाव दुय्यम आहे. ते कधी द्यायचं आणि कधी हात आखडता घ्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. आणि हे बागकामाच्या पुस्तकात मला सापडलं नाही. ते कळलं चाकणमधल्या कारखान्यात, मशीनच्या कूलंटच्या टाकीपाशी, आणि भामा नदीकाठच्या एका टोमॅटोच्या प्लॉटवर.

ज्यांनी हे झाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रुगमॅन्सिया हा धोतऱ्याच्या घराण्यातला. म्हणजे वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांचाही भाऊबंद. धोतऱ्याचं फूल आकाशाकडे तोंड करून उभं असतं आणि बोंड काटेरी असतं. ब्रुगमॅन्सियाचं फूल जमिनीकडे तोंड करून लोंबतं, चांगलं फूटभर लांब, आणि बोंड गुळगुळीत असतं. धोतरा हंगामी झुडूप, तर हे खोड धरणारं, माणसाच्या डोक्यावर जाणारं झाड. वनस्पतिशास्त्रज्ञ बराच काळ दोघांना एकाच खोक्यात ठेवत होते. पर्सून नावाच्या शास्त्रज्ञाने 1805 मध्ये ब्रुगमॅन्सियाला वेगळं केलं, तरी जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच नर्सऱ्यांत आजही ते धोतरा म्हणूनच खपतं. उटी, कोडाईकनाल, मुन्नार इकडे सहलीला गेलेल्यांनी रस्त्याकडेला पांढऱ्या घंटांनी लगडलेली झाडं पाहिली असतील; ती हीच.

मूळ गाव दक्षिण अमेरिका. बऱ्याच जाती अँडीज पर्वताच्या थंड उतारांवरच्या, काही सखल, दमट भागातल्या. सगळ्या मिळून सात जाती, आणि जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत सातही जाती 'जंगलातून नामशेष' म्हणून नोंदल्या आहेत. याचं बी पसरवणारा एखादा मोठा प्राणी फार पूर्वीच नाहीसा झाला असावा, असा एक तर्क आहे. आज जगात जे ब्रुगमॅन्सिया आहेत ते माणसांनी फांद्या खोचून टिकवलेले आहेत. मला या झाडाची ओढ लागली ती हे वाचल्यावर. फांदी खोचली की तेच जुनं झाड पुन्हा उगवतं. बी रुजवलं की पूर्वी कधीच नव्हतं असं झाड जन्माला येतं. म्हणून मी बियांच्या मागे लागलो.

मी राहतो निगडी प्राधिकरणात. नोकरी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात. तळवडे-महाळुंगे मार्गे कंपनीची बस, आणि आठवड्याआड सेकंड शिफ्ट. सेकंड शिफ्ट संपवून घरी यायला मध्यरात्र होते, आणि त्या वेळी या झाडाचा दरवळ अगदी भरात असतो. फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री वास सोडतात, कारण बहुतेक जातींचं परागीभवन निशाचर पतंगांवर अवलंबून आहे. दिवसपाळी करणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना हा वास कित्येक महिने ठाऊकच नव्हता. शिफ्ट ड्युटीची तक्रार करणाऱ्यांत मीही आहे, पण रात्रीच्या या एका गोष्टीसाठी मला ती ड्युटी पुष्कळ वर्षं सुसह्य झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता बी. पहिली अडचण अशी की आपल्याकडच्या झाडांना बोंडं क्वचितच धरतात. स्वतःचाच पराग हे झाड सहसा स्वीकारत नाही आणि एका भागातली सगळी झाडं बहुतेक वेळा एकाच मूळ झाडाच्या फांद्यांपासून केलेली असतात. म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंची दोन झाडं ही खरं तर एकच झाड. त्यामुळे शेकडो फुलं येऊनही बी नाही. दोन वेगळ्या वाणांची झाडं जमवणं हे पहिलं काम. माझ्याकडे एक पांढरं निलगिरीकडून आलेल्या फांदीचं होतं, दुसरं पीच रंगाचं सोलापूर रस्त्यावरच्या, उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या एका नर्सरीतून आणलं. दोन्ही एका वेळी फुलावर येण्याची वाट बघण्यात एक अख्खा पावसाळा गेला.

संकर करायची कृती सोपी, पण वेळ सांभाळावी लागते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची, संध्याकाळी तिच्या कडेला हलकेच चीर देऊन पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या झाडाच्या उमललेल्या फुलातला पराग कुक्षीवर टेकवायचा. वर पातळ कापडाची पिशवी, देठाला तारखेची चिठ्ठी. कंपनीत रोज शेकडो भागांवर टॅग लावणाऱ्या माणसाला चिठ्ठीचं वेगळं शिकवावं लागत नाही. फूल गळून गेल्यावर देठाशी हिरवं टोक राहिलं तर जमलं. ते बोंड पिकायला चार-पाच महिने लागतात. अधेमधे ते पिवळं पडून गळतंही, विशेषतः झाडाला पाण्याचा ताण बसला तर. पिकलेलं बोंड तपकिरी आणि सुरकुतलेलं होतं. आत एकमेकांत घट्ट बसवलेल्या ओबडधोबड, त्रिकोणी बिया असतात. पहिल्यांदा हातात घेतल्यावर त्या बुचाच्या तुकड्यांसारख्या हलक्या लागतात, आणि त्या खरोखरच बुचासारख्या सालीत गुंडाळलेल्या असतात. ही साल पाण्यावर तरंगायला उपयोगी, आपल्या कुंडीत मात्र ती अडचण करते, कारण ओली राहिली की तिच्यावर बुरशी धरते.

म्हणून मी बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवतो आणि सकाळी नखाने ती साल सोलतो. आतलं बी मसुरापेक्षा थोडं मोठं, गडद रंगाचं असतं. ते अर्धा सेंटिमीटर खोल, कोकोपीट आणि गांडूळखत समसमान घातलेल्या प्रो-ट्रेत टाकतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतात, पण एका बोंडातल्या बियाही एकावेळी उगवत नाहीत. सगळे कोंब आले असं समजून ट्रे रिकामा केला की हमखास एखादं राहिलेलं बी दगावतं. ट्रे दोन महिने हलवू नये.

पेरणी केव्हा करावी, यावर माझं मत ठाम आहे: गणपती उठले की. आषाढ-श्रावणात पेरलं तर दमट हवेत रोपं बुडख्याशी सडून कोलमडतात. शेतकरी याला मर म्हणतात. डिसेंबरात पेरलं तर थंडीने बी हलतच नाही आणि मार्चमध्ये कोवळी रोपं थेट उन्हाच्या तोंडी जातात. भाद्रपदाच्या शेवटी पाऊस ओसरतो, ऑक्टोबरची ऊब मिळते आणि उन्हाळ्याआधी सहा-सात महिने हातात राहतात. तेवढ्या वेळात मुळं कुंडी धरतात.

मर रोगाबद्दल मला ज्यांनी शहाणं केलं, ते आमच्या गल्लीतले एक काका. ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेले. 1954 मध्ये स्थापन झालेल्या त्या कारखान्याची कीर्ती पेनिसिलिनसाठी, पण तिथे एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखे वनस्पतिरोगांचे जाणकार संशोधन करत होते आणि बुरशीवर चालणारी हमायसिन, ऑरिओफंजिन ही प्रतिजैविकं तिथूनच आली. हमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. काका म्हणायचे, "अरे, बुरशी मारणारेही मातीतच राहतात. तू त्यांना राहू दे. ट्रेला रोज पाणी घालू नकोस, खालून वारा लागू दे." तेव्हापासून मी ट्रे विटांवर उचलून ठेवतो, मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळतो आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देत नाही. औषध फवारायची वेळ फार क्वचित येते. लहानपणापासून ज्या कारखान्याच्या भिंतीवरून जात होतो, त्याच्या आत माझ्याच गच्चीवरच्या प्रश्नावर माणसांनी आयुष्यं घालवली होती, हे मला काकांमुळे कळलं आणि त्या भिंतीकडे बघायची नजर बदलली.

रोपाला खऱ्या पानांच्या दोन जोड्या येईपर्यंत खत नाही. त्यानंतर लिटरला अर्धा ग्रॅम एकोणीस-एकोणीस हे विरघळणारं खत. आणि इथून झाडाची भूक सुरू होते. ब्रुगमॅन्सिया खादाड आहे यात शंका नाही. कुंडीतल्या झाडांत इतकं खाणारं दुसरं झाड माझ्या पाहण्यात नाही. सरळ खोड वाढत जातं, पानं सुपाएवढी होतात, आणि मग एक दिवस शेंड्याला बेचकं फुटतं.

बेचकं हे या झाडाच्या आयुष्यातलं वळण. बियांपासून केलेलं रोप बेचकं फुटल्याशिवाय कळी धरत नाही. खोड सरळ जात असतं तोवर ते फक्त वाढतं. दोन फांद्या फुटल्या की त्या बेचक्यातच पहिली कळी दिसते, आणि तिथून वर प्रत्येक फाट्यावर कळ्या. बारकाईने बघितलं तर पानंही सांगतात: बेचक्याखालच्या पानाचा बुडखा दोन्ही बाजूंनी सारखा, बेचक्यावरच्या पानाची एक बाजू देठावर जास्त खाली उतरलेली. ज्याला हे माहीत असतं तो बेचक्यावरची फांदी खोचतो आणि त्याला लवकर फूल मिळतं. बियावाल्याला मात्र दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. उंच गेलेलं रोप कंटाळून छाटणारे मी पाहिलेत. बेचक्याखाली छाटलं की झाड पुन्हा सरळ सोटा काढतं आणि वाट बघणं पहिल्यापासून सुरू होतं. बियांपासून झाड करायचं असेल तर छाटणीची कात्री लपवून ठेवावी.

आता खताचं मूळ प्रकरण. या झाडावरची पुस्तकं आणि पत्रकं लिहिली गेली ती युरोप-अमेरिकेत. तिथे झाड हिवाळ्यात घरात किंवा तळघरात झोपतं आणि उन्हाळ्यात जोमाने वाढतं. म्हणून त्यांचा सल्ला असतो: उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर खत, हिवाळ्यात बंद. आपल्याकडे येऊन हा सल्ला उलटा होतो. पिंपरी-चिंचवडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीची फरशी त्याहून कितीतरी जास्त तापते. अशा वेळी हे झाड वाढत नाही. दुपारी पानं लटकतात, कळ्या पिवळ्या पडून गळतात, नवी फूट बारीक निघते. आपल्याकडे त्याची झोप उन्हाळ्यात असते. जून सरता सरता ते जागं होतं आणि दिवाळीच्या आगेमागे त्याचा खरा बहर असतो.

झाड लटकलं की माणसाला वाटतं, उपाशी आहे, काहीतरी घालावं. आमच्या इमारतीतल्या एका हौशी गृहस्थांनी वैशाखात आपल्या झाडाला मूठभर डीएपी घातलं. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या, पंधरवड्यात झाड काठी झालं. ते म्हणाले, उन्हाने गेलं. मला ते पटेना, कारण त्याच उन्हात माझी झाडं रोडावली होती, पण हिरवी होती.

उत्तर मला कंपनीच्या शॉप फ्लोअरवर मिळालं. सीएनसी मशीनवर कूलंट वापरतात, पाण्यात विरघळणारं तेल. त्याचं प्रमाण ठरलेलं असतं आणि ते रोज रिफ्रॅक्टोमीटरने तपासायचं असतं. मे महिन्यात एक गोष्ट दरवर्षी घडते: टाकीत कोणी तेल घातलेलं नसतं, तरी रीडिंग वर जातं. कारण पाणी उडून जातं आणि तेल तिथेच राहतं. ऑपरेटरच्या हातांना खाज सुटते, भागांवर चिकट थर बसतो. तेव्हा टाकी भरताना नेहमीचं मिश्रण घालायचं नसतं. नुसतं पाणी किंवा अगदी पातळ मिश्रण घालतात. एका दुपारी त्या टाकीपाशी उभा असताना मला कुंडी आठवली. कुंडीतही पाणी उडतं आणि खताचे क्षार राहतात. आपण दर आठवड्याला तेवढंच खत घालत गेलो तर मुळांभोवतीचं पाणी तिप्पट-चौपट तीव्र होतं, आणि खारट पाण्यातून मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेने वाळतं. कुंडीच्या काठावर पांढरी खरवड दिसते ती हीच.

मी साधा ईसी मीटर घेतला. पाण्यातले क्षार मोजणारा, पेनाएवढा. कुंडीखालून निथळलेलं पाणी मोजायला लागलो. घातलेलं पाणी एक-दीड ईसीचं असताना उन्हाळ्यात खालून येणारं तीनच्या वर निघायचं. तेव्हापासून महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीत भरपूर साधं पाणी सोडून धुऊन काढायचं, हा नेम आहे.

दुसरा धडा शेतावरचा. आमच्या लाइनवर खेड तालुक्यातला एक सहकारी होता, वयाने माझ्याहून मोठा. भामा नदीकाठी त्याची बागायत. पहिली शिफ्ट करून संध्याकाळी ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायला जाणारा माणूस. टोमॅटो ब्रुगमॅन्सियाच्याच कुळातला, म्हणून मी त्याला झाडाचे फोटो दाखवायचो. एका रविवारी प्लॉटवर बोलावून त्याने मला ड्रिपमध्ये खत सोडणाऱ्या व्हेंच्युरीपाशी उभं केलं. "साहेब, ऊन वाढलं की दाणेदार टाकायचंच नाही," तो म्हणाला. "इरघळणारं, ते बी निम्म्या डोसानं, अन् आधी पाणी, मग खत, मग परत पाणी. कोरड्या मुळीला खत लावायचं नाही बघा." हे तीन वाक्यांतलं शास्त्र मी कुठल्या ग्रंथात इतकं नेमकं वाचलेलं नाही. त्याने आणखी एक दाखवलं: कॅल्शियम नायट्रेटच्या बादलीत बारा-एकसष्ट टाकलं की पाणी दुधासारखं होऊन तळाशी साका बसतो. मॅग्नेशियम सल्फेटचंही तेच. दोन्ही खतं चांगली, पण एका बादलीत घातली की फुकट जातात. कॅल्शियम नायट्रेट नेहमी वेगळ्या दिवशी.

या सगळ्यातून माझं वेळापत्रक बनलं ते असं. पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले, नवी फूट दिसली की कुंडीचा वरचा थर काढून कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. मग आठवड्याला एकदा एकोणीस-एकोणीस, लिटरला दोन ग्रॅम, ओल्या मातीत. मुसळधार पावसात खत नाही, ते वाहून जातं. बेचकं फुटलेल्या झाडांना सप्टेंबरपासून तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि कॅल्शियम नायट्रेट आळीपाळीने, महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट. फुलांचा एक बहर ओसरला की लगेच पुढचा डोस, कारण हे झाड लाटेने फुलतं आणि दोन लाटांच्या मधल्या काळात त्याची भूक सर्वांत जास्त असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत मात्रा थोडी कमी. आणि होळी झाली की डबा बंद. होळीपासून पावसापर्यंत फक्त पाणी, कुंडीवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि दुपारची सावली. मी पूर्वेच्या भिंतीला हिरवी शेडनेट बांधली आहे. सकाळचं ऊन मिळतं, अकरानंतरचं नाही.

पाण्याचं आमच्या शहरात वेगळं दुखणं आहे. पवना धरणातून येणारं पाणी चांगलं, पण 2019 च्या नोव्हेंबरपासून महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केलं. हे झाड उन्हाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ पाणी पितं. मग बोअरचं घालावं लागतं. बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्याने नव्या पानांची मधली जागा पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. त्यावर नत्र ओतून काही होत नाही. चिलेटेड लोह थोडंसं, आणि महिन्यातून दोनदा लिंबाच्या फुलाची चिमूट टाकलेलं पाणी, एवढ्याने पानं परत हिरवी झाली. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. गच्चीच्या पन्हळीखाली निळे ड्रम ठेवून मी जमेल तेवढं साठवतो.

हे निळे ड्रम आडवे कापले की उत्तम कुंड्याही होतात. ब्रुगमॅन्सियाला लहान कुंडीत सुख नसतं. पूर्वी ड्रम कुदळवाडीच्या भंगार बाजारात मिळायचे. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामं पाडली, आता भोसरीत शोधावे लागतात. ड्रम घेताना आत आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. आम्हा कारखान्यातल्या लोकांना ठाऊक असतं की ड्रमवरचं लेबल धुतलं जातं, आतला वास राहतो.

किडींमध्ये लाल कोळी हा खरा शत्रू. फेब्रुवारीपासून पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वर पिवळे ठिपके. नत्र जास्त झालेल्या लुसलुशीत पानांवर तो आधी येतो, हेही मार्चमध्ये खत आवरण्याचं एक कारण. रोज पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मं काम होतं. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण पाळीपाळीने येतातच.

आणि आता ते, जे खताच्या आधी सांगायला हवं. हे झाड विषारी आहे: मूळ, पान, फूल, बी, सगळं. धोतऱ्यातलीच द्रव्यं यात असतात: स्कोपोलामिन, हायोसायमिन, अ‍ॅट्रोपिन. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जे अ‍ॅट्रोपिन डॉक्टर वापरतात, शेतात कीटकनाशकाची विषबाधा झालेल्याला जे सुई लावून देतात, तेच. डॉक्टरांच्या हातात मोजून दिलेलं ते औषध आहे. तोंडात गेलेल्या पानातलं मात्र मोजलेलं नसतं, आणि एका झाडातून दुसऱ्यात, एका पानातून दुसऱ्यात त्याचं प्रमाण बदलतं. घरी एका पाहुण्याने गळलेलं फूल उचलून चुरगळलं आणि डोळा चोळला. तासाभरात एक बाहुली एवढी मोठी झाली की घरच्यांना पक्षाघात वाटला. रात्री रुग्णालयात डॉक्टरांनी सगळं तपासलं. मी झाडाचं नाव सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दोन-तीन दिवसांत डोळा ठीक झाला. त्या रात्री पाहुण्यांच्या पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही आणि विसरूही नये.

तेव्हापासून छाटणी, परागीकरण, बी सोलणं, सगळं हातमोजे घालून. पाचोळा ओल्या कचऱ्यात किंवा गुरांच्या वाट्याला जाऊ देत नाही. प्रत्येक कुंडीवर मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी आहे. या झाडाबद्दल नशेच्या गोष्टी सांगणारे लोकही भेटतात. अशा माणसाला मी बी देत नाही, आणि का देत नाही तेही स्पष्ट सांगतो.

बियांपासून झालेल्या झाडांपैकी बरीचशी सामान्य निघाली, हेही लिहायला हवं. पांढरं आणि पीच यांच्या संकरातून बहुतेक फिकट पांढरीच आली. एका झाडाचं फूल मात्र पहिल्या रात्री पिवळसर पांढरं उमलतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कडेने सोनेरी गुलाबी होत जातं, वास मूळच्या दोन्ही झाडांपेक्षा सौम्य. त्याचं बेचकंही खाली, कमरेएवढ्या उंचीवर फुटतं, त्यामुळे गच्चीला ते सोयीचं. लाल फुलांच्या, उंच थंड डोंगरांतल्या जातीचं बीही मी रुजवलं. ते उगवलं, हिवाळ्यात देखणं दिसलं, पण एप्रिल काढू शकलं नाही. ती जात इथे होणार नाही, असं माझं मत आहे, आणि कोणी चाकणमध्ये ती विकत असेल तर घेऊ नका. आपल्याकडे टिकतात त्या सखल, दमट भागांतल्या जाती आणि त्यांचे संकर.

दरवर्षी गणपतीनंतर माझ्याकडे बी मागायला लोक येतात. मी दोनच गोष्टी विचारतो: घरात लहान मूल किंवा पानं चघळणारं जनावर आहे का, आणि गच्चीवर दुपारची सावली आहे का. पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर मी मूल मोठं होईपर्यंत थांबायला सांगतो. दुसऱ्याचं 'नाही' असेल तर अडेनियम लावायला सांगतो. ते आपल्या उन्हात आनंदाने राहतं आणि बियांपासून फूलही लवकर देतं. त्याचाही चीक विषारी असतो, तेवढी काळजी तिथेही घ्यावी. बाकीच्यांना बी देतो, सोबत एक कागद, आणि त्यावर सगळ्यात वर ठळक लिहिलेलं असतं: होळी ते पाऊस, खत बंद.